भिंतीमागचं पाणी

“पडेल तेव्हा बघू गं. आधी हात धू नि जेवायला बस.”

आईचा हा आवाज फार जुना. लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. मातीच्या विषयाचं नवंकोरं पुस्तक काखेत मारून ती घरी आली, मागच्या दारात उभी राहिली आणि घरामागच्या डोंगराकडे बोट करून सांगू लागली, की एवढा उभा उतार, एवढी भुसभुशीत माती, हा आज ना उद्या खाली येणार. आईने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. डोंगर तिला सासरचाच होता, त्याच्या रुसण्याफुगण्याची तिला सवय होती.

पुढे लेक त्याच विषयात शिकली. कुठला उतार टिकेल, कुठला घसरेल, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हेच तिचं काम झालं. आणि गेल्या पावसाळ्यात, झड लागलेली असताना, एका दुपारी डोंगर खरंच खाली आला. पाऊस जरा उघडला म्हणून आई कपडे वाळत घालायला परसात गेली होती. डोंगराने परसातली दगडी भिंत पुढे लोटली आणि आई भिंतीखाली गेली.

आता ऑफिसातल्या आपल्या टेबलाशी बसून लेकीने बटणावर बोट ठेवलं, की तोच आवाज कानाशी यायचा. पडेल तेव्हा बघू. आता ती बघत होती.

खरं तर या डोंगराची फाईल तिच्याकडे यायला नको होती. मोठ्या साहेबांनी ती शेजारच्या टेबलावर दिली होती, दशांशकडे. दशांश हे त्याचं ऑफिसातलं नाव. कँटीनवाल्याने एकदा साखर किती विचारली तर हा म्हणाला होता, “एक पूर्णांक पाच दशांश चमचे.” तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. तिने फाईल मागितली तेव्हा त्याने बराच वेळ चष्मा पुसला.

“ताई, कशाला? माझं झालंय सगळं. का पडला ते कळलंय.”

“मला का पडला ते नकोय.”

“मग?”

तिने हात पुढे केला. त्याने फाईल दिली.

डोंगर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाव कापल्यासारखा आडवा कापलेला दिसतो. त्या कापात बारीक त्रिकोणांची जाळी असते. प्रत्येक त्रिकोणाला आपलं वजन, आपली ताकद, आणि मधून जाते ती पाण्याची निळी रेघ. मग यंत्र एक विचित्र काम करतं. मातीची ताकद जराजराशी कमी करत नेतं. अजून थोडी, अजून थोडी. डोंगर किती मजबूत आहे हे कळायला त्याला आधी दुबळं करत जावं लागतं. एका क्षणी त्रिकोण एकमेकांना धरेनासे होतात, बेरीज बसेनाशी होते, आणि यंत्र थांबतं. किती पट दुबळं केल्यावर हे झालं, तो डोंगराचा आकडा. आकडा एक झाला म्हणजे डोंगर आला खाली. सव्वाच्या वर असला तर पायथ्याच्या माणसांनी खुशाल झोपावं.

पडून गेलेल्या डोंगराचं गणित मात्र उलटं असतं. तिथे उत्तर आधीच ठाऊक असतं, एक. त्या उत्तरापर्यंत पोचवणारा प्रश्न हुडकायचा असतो. दशांशने तो हुडकला होता. निळी रेघ भिंतीच्या माथ्यापर्यंत चढवली की आकडा बरोबर एक येत होता. म्हणजे भिंतीमागे पाणी तुंबलं होतं. त्याला पुरावाही होता. ढिगाऱ्यात भिंतीतले पाइपाचे तुकडे सापडले होते, आणि ते सिमेंटने गच्च भरलेले होते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भिंतीत ठेवतात ती भोकं. ती बुजवली कुणी, हेही शोधावं लागलं नाही. चौकशीला माणसं आली तेव्हा बाबा स्वतःच उठून म्हणाले होते, “भिंत मी बांधली. भोकंही मीच बुजवली. लिहून घ्या.”

बाबा गवंडी. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची.

माणूस गेलं की मागे राहिलेला एकच शब्द घेऊन बसतो, तर. डॉक्टर लवकर आला असता तर? त्या गाडीत ती बसलीच नसती तर? त्या ‘तर’ला जगात कुणी उत्तर देत नाही, आणि उत्तर मिळत नाही म्हणूनच माणसं पुढे जगत राहतात. लेकीच्या टेबलावर मात्र उत्तर देणारं यंत्र होतं.

तिने निळी रेघ धरली आणि भिंतीच्या पायाशी ओढून नेली. भोकं उघडी. पाणी वाहून गेलेलं. बाकी सगळं तसंच, तोच डोंगर, तीच माती, तीच झड, तीच दुपार. तिने बटण दाबलं.

एक पूर्णांक अठ्ठावीस.

दशांश चहाचे दोन कप घेऊन मागे उभा होता. त्याने आकडा पाहिला. एक कप तिच्यासमोर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, दशांशाशिवाय बोलला.

“बराच फरक पडतो गं, ताई.”

*

सुटीच्या दिवशी ती गल्लीत गेली. घराचा मागचा भाग गेला होता. स्वयंपाकघर निम्मं उरलं होतं आणि त्याच्या उघड्या बाजूला पत्रा ठोकला होता. बाबा पुढच्या खोलीत राहायचे. शेगडी तिथेच, खाट तिथेच. थापी, ओळंबा, गिलाव्याचा रंधा असं सगळं सामान खाटेखाली ढकललेलं. डोंगर पडल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. गल्लीने त्यांना शब्दानेही बोल लावला नव्हता. तेच जास्त लागायचं.

भिंतीची ती गोष्ट लेकीला तोंडपाठ होती. पावसाळ्यात भोकांतून पाण्याच्या धारा लागायच्या. परसभर शेवाळ व्हायचं. एका वर्षी आई घसरून पडली आणि गुडघा हा एवढा सुजला.

“अहो, एवढी मोठी भिंत बांधलीत,” आई म्हणाली होती, “तिची सर्दी तेवढी बरी करा आता.”

“अगं, भिंतीला नाक लागतं. तिनं श्वास कुठून घ्यायचा?”

“आणि मला पाय लागतात. काय महत्त्वाचं ते तुम्हीच ठरवा.”

गवंड्याला काय महत्त्वाचं ते ठाऊक होतं. पण ठरवलं ते नवऱ्याने. दुसऱ्या दिवशी बाबांनी घमेलंभर माल कालवला आणि एकेक भोक बुजवून टाकलं. आई कोरड्या परसात पाय पसरून बसली. धुणं धुताना, भाजी निवडताना पदरचं काहीतरी जुळवून गुणगुणायची तिची खोड होती. त्या दिवशी ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली:

माझ्या गवंड्याची भिंत, सरळ गं जशी रेघ,
माझ्या गवंड्याचा राग, वळवाचा गं मेघ.

“बघ, बघ,” बाबा तेव्हा लेकीला म्हणाले होते, “गुडघा बरा झाला की जीभ चालायला लागली.”

आता त्याच माणसापुढे लेकीने ताट ठेवलं. बटाटे, भात, एक उकडलेलं अंडं. बाबांनी भात नुसता चिवडला. डोंगर पडल्यापासून त्यांचं जेवण असंच होतं. बोटं फिरायची, ताट तेवढंच राहायचं. गालाची हाडं वर आली होती. सदरा खुंटीवर लटकावा तसा अंगावर लटकायचा.

“पोरी,” ते ताटाकडे बघत म्हणाले, “तुमच्या त्या मशीनला काहीही विचारता येतं म्हणालीस ना?”

“काहीही नाही. उताराचं तेवढं.”

“हां. तेच. मग विचारलंस?”

“काय?”

“भोकं उघडी असती तर?”

पत्र्यावर पाखरं नाचत होती, त्यांची नखं वाजत होती. तिने पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

“पाण्याची पातळी एकच गोष्ट नसते, बाबा. मातीची ताकद असते, उताराचा कोन असतो, खालचा खडक कसा आहे…”

“ते तुझ्या साहेबाला सांग. मला हो-नाही सांग. पडला असता?”

तिने बापाच्या मनगटाकडे पाहिलं. त्या मनगटावर एकेकाळी ती लोंबकळायची. आता घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

“पडला असता,” ती म्हणाली. “भोकं उघडी असती तरी पडला असता. माती आतून कुजली होती.”

“नक्की?”

“मशीनवर काढलंय मी.”

बाबांच्या छातीतून एक श्वास निघाला, इतका लांब, की तो कित्येक महिने आत अडकून पडला असावा. त्यांनी भाताचा घास केला. खाल्ला. दुसरा केला. अंडं फोडलं. मग तिच्यासमोर ताट सरकवून म्हणाले, “अजून थोडा वाढ. मीठ बरोबर पडलंय आज.”

तिने वाढलं. ते खात होते आणि प्रत्येक घासाबरोबर खाली जाणारा त्यांचा कंठमणी ती बघत होती. भूक लागलेल्या लेकराकडे आई बघते तशी.

*

खोटं बोललो आहोत तर ते खरं करून दाखवायचं, एवढं एकच मनात धरून ती ऑफिसात परतली.

मातीच्या चाचण्यांचे आकडे कधी एकसारखे येत नाहीत. एक नमुना तगडा निघतो, दुसरा लेचापेचा. दशांशने मधला धरला होता. तिने सगळ्यात लेचापेचा उचलला. निळी रेघ पायाशीच ठेवली आणि बटण दाबलं. आकडा एकाच्या जरासा खाली आला. झालं! भोकं उघडी, आणि तरी डोंगर पडला. बाबांना आपण जे सांगितलं ते खरं होतं, फक्त ते आधी सांगितलं आणि नंतर सापडलं, इतकंच.

मग हाताला लागलेली सवय म्हणून तिने निळी रेघ पुन्हा भिंतीच्या माथ्यावर नेली. त्याच लेच्यापेच्या मातीवर, भोकं बंद असताना आकडा आला पाऊण.

ती खुर्चीत मागे टेकली. पाऊण आकड्यावर डोंगर उभा राहत नाही. माती इतकी कुजकी असती तर भोकं बुजवल्यावर पहिल्याच मोठ्या झडीला तो खाली आला असता. पण तो कितीतरी पावसाळे उभा होता. त्याच्या पायथ्याशी आई धुणं धूत होती, भाजी निवडत होती, गवंड्याच्या रागावर गाणी रचत होती. इतकी वर्षं उभं राहून डोंगरानेच साक्ष देऊन ठेवली होती. आता ती कुणाला फिरवता येणार नव्हती.

“ताई,” दशांश हळूच म्हणाला. तो कधीचा बघत होता. “मातीला खोटं बोलायला लावतेयस तू.”

“मग काय झालं? माणसाला लावता येतं.”

“माणूस ऐकतो गं. माती कुठे ऐकते.”

तिने सगळं पुसलं. दशांशचा अहवाल तेवढ्यात वरच्या टेबलावर गेला, तिथून त्याच्या वरच्या. भोकांबद्दल त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण अहवाल जिना चढतात ते गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे. तो गल्लीत उतरेपर्यंत आणखी एखादा पावसाळा होऊन जाणार होता.

आणि बाबा मात्र दर सुटीला वेगळे दिसू लागले. आधी दाढी झाली. मग केस कापले. मग एकदा ती गेली तर बाबा शेजारच्या छपरावर बसून कौलं बसवत होते. वरूनच ओरडले, “काय गं, एवढा पगार घेतेस आणि चप्पल अशी फाटकी? बापाला लाज आणतेस!” सगळी गल्ली हसली. तीही हसली, आणि हसता हसता मान वळवून तिने डोळे पुसले.

“माझी भिंत नव्हती पडली,” ते आता ज्याला त्याला सांगायचे. “डोंगर पडला. भिंतीची काय टाप? आतून माती कुजलेली. माझ्या लेकीनं मशीनवर काढलंय.”

लेकीचं नाव निघालं की त्यांचा आवाज एक पायरी वर चढायचा. ती मान खाली घालून शेगडी पेटवायची. सांगायचं ठरवून यायची आणि न सांगता परत जायची. जेवणाऱ्या माणसाच्या ताटातून घास कसा काढून घ्यायचा? पुढच्या सुटीला सांगू, म्हणायची. पुढची सुटी यायची, बाबांच्या गालावर आणखी थोडं मांस आलेलं असायचं, आणि ती ताट वाढायला घ्यायची.

*

उन्हाळा सरत आला होता. हवा घामट झाली होती आणि डोंगरामागे ढग जमत होते. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा शिवणवाल्या काकू दारातच होत्या. गळ्यात टेप, दातांत टाचणी. बाबांच्या घराला लागूनच त्यांचं घर. त्यांच्या मागच्या खोलीत चार मुली मशीनवर बसायच्या, शाळेचे गणवेश शिवायच्या. डोंगराखालची ती लांब भिंत सगळ्या गल्लीमागून गेलेली, सगळी बाबांच्याच हातची. काकूंच्या घरामागची अजून उभी होती.

“आलीस? बरं झालं,” काकूंनी टाचणी काढली. “तुझ्या बापानं माझं एक मोठं काम अंगावर घेतलंय आज. एक पैसा घेत नाहीत. म्हटलं, निदान कापडाचा एक सदरा तरी शिवू द्या.”

“कसलं काम?”

“अगं, ती भोकं. पावसाळाभर त्यातून पाणी गळतं, परसातून मागच्या खोलीत शिरतं, तिथेच माझे कापडाचे गठ्ठे. मागच्या वर्षी अख्खा गठ्ठा डागाळला. कधीची मागे लागले होते, बुजवून द्या म्हणून. तुझी आई गेली तेव्हापासून ऐकायलाच तयार नव्हते. आता म्हणाले, काही हरकत नाही, भोकांचा नि डोंगराचा काही संबंध नाही. तू म्हणे काढलंस ना कॉम्प्युटरवर?”

लेक एक पायरी वर चढली.

“काकू, नका बुजवू.”

“काय?”

“ती भोकं नका बुजवू. उघडी राहू द्या. गठ्ठे दुसरीकडे हलवा, मी मदत करते. पण भोकं उघडी राहू द्या.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर कापड कापलेल्या बाईची नजर ती, कुठे उसवलंय ते बरोबर शोधणारी.

“म्हणजे तू बापाला एक सांगितलंस आणि मला दुसरं सांगतेयस.”

लेकीने दाराची चौकट धरली.

“यातलं एक खोटं आहे, बाळा.”

“ते जेवत नव्हते, काकू.”

काकूंनी टेप गळ्यातून काढला. बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. आत मशीन चालत होती, एक मुलगी कशावरून तरी खिदळत होती.

“म्हणजे उघडी असती,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, “तर तुझी आई…”

“हो.”

“अगं बाई गं.”

“तुम्हीच थांबवा ना त्यांना. म्हणावं, विचार बदलला. कापड ओलं झालं तर होऊ दे.”

“माझं काम थांबवते गं मी. आत्ता जाऊन थांबवते. पण ते माझ्यापुरतं आहे का? काल सगळी गल्ली फिरून आलेत. सगळ्यांना म्हणाले, ओल येत असेल तर सांगा, फुकट बुजवून देतो. घरोघरी हो म्हणालेत. तुझ्या आईनंतर पहिल्यांदा थापी हातात घेतलीय माणसानं, कोण नाही म्हणेल?” त्यांनी लेकीच्या दंडाला धरलं. “उद्या पलीकडच्या घरी जातील. परवा त्याच्या पलीकडे. किती दारांत उभी राहशील तू? आणि माझ्या या पोरी, भिंतीकडे पाठ करून बसतात चौघी.”

“तुम्ही सांगाल त्यांना?”

“नाही,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता. “मी सांगितलं तर त्यांना वाटेल, गल्लीनं बोल लावला. तुझ्या तोंडून गेलेलं आहे, तुझ्याच तोंडून परत यायला हवं.”

“कुठे आहेत?”

“मागेच. मघाशीच माल कालवायला घेतलाय.”

*

काकूंच्या परसात जायला शिवणाच्या खोलीतूनच वाट होती. चारही मुलींनी माना वर केल्या. ती त्यांच्या पाठींच्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधून गेली. मागचं दार उघडंच होतं.

बाबा उकिडवे बसले होते. बाजूला घमेलं, त्यात नुकताच कालवलेला माल, ओला, करडा, चकाकणारा. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. खाटेखालची थापी त्यांच्या हातात होती आणि हात जुन्या माणसाला भेटावं तसा तिला भेटला होता. पहिलं भोक बुजवून झालं होतं. त्यावरून थापी अशी सफाईने फिरवलेली, की तिथे कधी भोक होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. दुसऱ्याच्या तोंडाशी थापी नेऊन ते थांबले. पायरव ऐकून म्हणाले, “सर जरा, उजेड अडतोय.”

“बाबा, थांबा.”

“थांबून चालत नाही पोरी, माल ओला आहे. पटकन बोल काय ते.”

ती त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांची मान तिला दिसत होती. नव्याने कापलेले केस, त्याखालची उन्हाने न रापलेली पांढुरकी पट्टी. इतकी कोवळी मान म्हाताऱ्या माणसाची असू नये, असं तिला वाटलं.

“हे काम नको करायला.”

“का? काकूंनी पैशाचं काढलं का परत? सांग त्यांना, मी शेजाऱ्याकडून पैसे घेत नाही. तुझी आई असती तर मला घरात घेतलं नसतं.”

“पैशाचं नाही. भोकांचं.”

“त्याचं काय?”

“तो आकडा, बाबा. मी तुम्हाला सांगितलेला.”

“आकडा कुठे सांगितलास? आकडा मला कळतही नाही. तू हो-नाही सांगितलंस.” ते बोलले आणि बोलता बोलताच त्यांनी थापी भोकापासून मागे घेतली.

डोंगरावरून वारा आला. दोरीवर काकूंचे गणवेश वाळत होते, रिकाम्या बाह्यांचे. ते सगळे एकदम हलले आणि पुन्हा सरळ झाले. आतल्या मशिनी थांबल्या होत्या. एक थांबली, मग दुसरी, मग सगळ्याच.

“बाबा, तेव्हा मी…”

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी थापीवरचा माल सावकाश घमेल्यात परत टाकला. थापीच्या दोन्ही बाजू घमेल्याच्या काठावर निपटल्या, दिवसाचं काम संपवून घरी निघालेला गवंडी निपटतो तशा. मग मघाशी बुजवलेल्या पहिल्या भोकाकडे वळले. माल अजून धरला नव्हता. त्यांनी दोन बोटं आत घातली आणि तो उकरून काढू लागले. अगदी तळापर्यंत. नखांत करडा माल भरला. भोक मोकळं झालं तेव्हा त्यांनी त्याला तोंड लावून फुंकर मारली आणि आतलं उरलंसुरलं बाहेर उडालं.

हात भिंतीवर तसाच टेकलेला ठेवून, भिंतीकडेच बघत, त्यांनी विचारलं, “उघडी असती तर?”

आता त्यांना हो-नाही नको होतं. ते नुसते वाट बघत होते, उन्हात, पाठमोरे, आणि त्यांचा तळवा त्यांच्याच हातच्या दगडावर होता.

“उभा राहिला असता,” ती म्हणाली. “आई असती, बाबा.”